रोटरी इंजिन: पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, मग फिरतं कसं?

सातपूरचा_पोर

नमस्कार मंडळी. नाशकातच मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक इथपर्यंत सगळं डोक्यात बसलंय. पण माझदाच्या रोटरी इंजिनाचं अ‍ॅनिमेशन कितीही पाहिलं तरी एक गोष्ट गळी उतरत नाही. त्रिकोण डब्यात फिरताना दिसतो, पेट्रोल पेटताना दिसतं, पण शाफ्ट नेमका कोण फिरवतं? स्फोटाचा जोर त्रिकोणाच्या एका बाजूवर पडतो, म्हणजे तो सरळ मधल्या बेअरिंगवर दाबला जायला हवा. फिरायचं कारणच काय?

दुसरं असं की हे इंजिन एवढं हलकं नि एवढं साधं, तर मग सगळ्या गाड्यांत का नाही? विकिपीडियाची लिंक देऊ नका, ती वाचून झाली आहे.

पाना_१४-१५

आमच्या गॅरेजात रोटरी म्हटलं की डिझेलचा पंप. इनलाइन वेगळा, रोटरी वेगळा. तो विषय नसेल तर मी नुसता वाचतो. चहा सांगा कोणीतरी.

ओझरकर

पोरा, माझदाच्या आधी एक जुनं रोटरी होऊन गेलं. ते आधी बाजूला काढून ठेवू, म्हणजे पुढे गोंधळ नको.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांना जी रोटरी इंजिनं होती त्यांत पिस्टन होते, सिलिंडर होते, सगळं होतं. फरक एवढाच की क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का बोल्ट केलेला आणि त्याच्याभोवती अख्खं इंजिन पंख्यासकट गरागरा फिरायचं. फ्रान्समधल्या सेग्वँ बंधूंचं नोम हे त्यातलं गाजलेलं, सात सिलिंडर आणि ५० अश्वशक्ती. सिलिंडर स्वतःच वाऱ्यात फिरतायत म्हटल्यावर रेडिएटर नको, पाणी नको. फिरणारं वजनच फ्लायव्हीलचं काम करतं, तेही वेगळं लावायला नको. त्या काळात वजनाच्या मानाने एवढी शक्ती देणारं दुसरं काही नव्हतं. सिलिंडरांची संख्या नेहमी विषम, ७ किंवा ९, कारण फोर स्ट्रोकमध्ये एक सोडून एक पेटवत गेलं की दोन फेऱ्यांत सगळ्यांची पाळी लागते.

वंगणाला एरंडेल. ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही म्हणून. वापरलेलं तेल परत टाकीत येत नसे, सगळं एक्झॉस्टमधून बाहेर, मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर. तासभर ते गिळून खाली उतरणाऱ्याच्या पोटाचं काय होत असेल ते आपल्याकडच्या कुठल्याही आजीला विचारा.

एवढा गोळा पुढे फिरत असल्याने विमान वळवताना जायरोस्कोपचा झटका बसे. सॉपविथ कॅमल उजवीकडे वळवलं की नाक खाली, डावीकडे वळवलं की नाक वर. शिकाऊ पोरं त्यात पुष्कळ गेली. हेच कॅमल आपल्या हरदित सिंग मलिकांनी २८ नंबरच्या स्क्वॉड्रनमधून उडवलं, पगडीवर बसेल असं खास मोठं हेल्मेट करून घेऊन. पुढे ते फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले.

ओझरला आम्ही मिगचे सांगाडे बांधले, इंजिनं कोरापुटहून यायची. त्यामुळे इंजिनांबद्दल माझं ज्ञान वाचीव आहे. माझदाचं इंजिन या कुळातलं नाही एवढं मात्र नक्की. त्यात बाहेरचा डबा स्थिर असतो.

गोदाकाठी

एरंडेल पिऊन युद्ध. काका, हा प्रतिसाद वाचायलाच लॉगिन केलं.

यंत्रवेधी

सातपूरचा_पोर, तू बरोबर जागी अडलायस. बहुतेक विद्यार्थी अ‍ॅनिमेशनमधला गिअर पाहून ठरवतात की गिअरच शाफ्ट फिरवतो आणि पुढे जातात. तसं नाहीये.

डब्यापासून सुरू कर. हाउसिंगची आतली भिंत गोल नाही. लांबट आहे आणि कमरेत दोन्हीकडून किंचित दबलेली. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर. त्याची तिन्ही टोकं कायम भिंतीला टेकलेली, म्हणून रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटरच्या एका फेरीत प्रत्येक कप्पा दोनदा मोठा होतो, दोनदा लहान. पहिल्यांदा मोठा होताना तो इनटेकच्या भोकावरून जातो आणि मिश्रण ओढतो. लहान होताना तेच मिश्रण दाबलं जातं. सगळ्यात लहान झाला की समोर स्पार्क प्लग. पेटल्यावर पुन्हा मोठा होतो, हा पॉवर स्ट्रोक. परत लहान होताना जळका वायू एक्झॉस्टच्या भोकातून बाहेर. म्हणजे चारही स्ट्रोक तुझ्या ओळखीचेच, फक्त एकाच जागी न होता डब्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत होतात. भोकं उघडणं-झाकणं रोटरच करतो, म्हणून व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन यांतलं काही लागत नाही.

आता जोराचं. रोटर थेट शाफ्टवर बसवलेला नसतो. शाफ्टवर एक गोल लोब असतो आणि त्याचं केंद्र शाफ्टच्या केंद्रापासून बाजूला सरकलेलं असतं. रोटर त्या लोबवर बेअरिंगने बसतो. वायूचा दाब रोटरच्या मध्यातून जातो हे तुझं म्हणणं खरंच आहे, पण रोटरचा मध्य आणि शाफ्टचा मध्य एक नाहीत. जात्याचा खुंटा मध्यावर नसतो, कडेला असतो, म्हणून हाताने ढकललं की वरची तळी फिरते. इथे लोब हाच खुंटा. माझदाच्या १३बी इंजिनात हे अंतर १५ मिलिमीटर आहे.

गिअरचं काम निराळं. बाजूच्या झाकणाला पक्का बसवलेला ३४ दात्यांचा गिअर आणि रोटरच्या पोटात ५१ दात्यांचा. प्रमाण २:३. त्यामुळे शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा रोटरची एक होते. रोटरने आपली वाट सोडू नये, टोकं भिंतीपासून सुटू नयेत की भिंतीत घुसू नयेत, एवढ्यासाठी तो गिअर. इंजिनाची ताकद त्यातून बाहेर जात नाही, ती लोबमधून जाते.

टॅकोमीटरवर ९००० दिसत असताना रोटर ३००० नेच फिरत असतो. त्याच वेगाला साध्या इंजिनातला पिस्टन सेकंदाला ३०० वेळा थांबून उलटा वळतो. रोटर कधी थांबतच नाही, म्हणून ती इंजिनं इतकी गुळगुळीत चालतात.

सातपूरचा_पोर

मॅडम, ही सरकलेल्या केंद्राची गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. म्हणजे रोटरच्या एका फेरीत तीन पॉवर स्ट्रोक, आणि शाफ्टच्या हिशोबाने दर फेरीला एक?

यंत्रवेधी

दर रोटरमागे एक, हो. एक सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं.

शंकासुर

थांबा. म्हणजे माझदा "१.३ लिटर" म्हणून सांगते ती शुद्ध चलाखी आहे. तीन कप्पे आहेत तर तिन्ही मोजा. दोन रोटरचे सहा कप्पे, एकेक ६५४ सीसीचा. ३९२४ सीसी झाले. चार लिटरच्या इंजिनाने अडीचशे घोडे काढले तर त्यात आरती ओवाळण्यासारखं काय आहे?

रेसवेडा

शंकासुरजी, वांकेलवाल्यांच्या (माझदाच्या या त्रिकोणी रोटरच्या इंजिनाला वांकेल म्हणतात) दारात बॉम्ब टाकलात. जगभरच्या फोरमवर हे भांडण कधीपासून चालू आहे, आता नाशिक शाखा उघडली.

यंत्रवेधी

हिशोब करू, भांडण नको.

एका कप्प्याची क्षमता काढायचं सूत्र सोपं आहे: ३ गुणिले वर्गमूळ ३, गुणिले सरकलेलं अंतर, गुणिले रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर, गुणिले रोटरची जाडी. १३बी साठी १.५ सेंमी, १०.५ सेंमी आणि ८ सेंमी. ५.१९६ × १.५ × १०.५ × ८ म्हणजे जवळपास ६५४ सीसी. दोन रोटर म्हणून १३०८. कंपनी सांगते तो आकडा हा.

आता इंजिन एका फेरीत किती हवा गिळतं ते बघा. शाफ्टच्या एका फेरीत प्रत्येक रोटरचा एकच कप्पा भरतो, म्हणजे १३०८ सीसी. फोर स्ट्रोक पिस्टन इंजिन एका फेरीत आपल्या सांगितलेल्या क्षमतेच्या निम्मीच हवा घेतं. म्हणून ताकदीची तुलना करायची तर १३बी ला २.६ लिटरच्या पिस्टन इंजिनाशेजारी उभं करा. माझ्या मते हीच न्याय्य तुलना. सहा कप्पे मोजायचे तर शाफ्टच्या तीन फेऱ्या मोजाव्या लागतात, आणि मग पिस्टनवाल्यालाही तीन फेऱ्या द्या की.

जपानच्या करखात्याने तिसराच मार्ग काढला. रोटरीचे सीसी दीडपट धरायचे. १३०८ चे १९६२ झाले, दोन लिटरच्या आत.

शंकासुर

करखात्यावर माझा विश्वास कंपनीपेक्षा कमी. पण २.६ मान्य. तरीही २.६ लिटरचा दम काढणारं इंजिन दोन माणसं हातांवर उचलतील एवढं असेल तर मग गेलं कुठे ते? तोट्याचं कोणीच बोलत नाहीये.

रेसवेडा

तोट्यावर येऊच, आधी एक मिनिट माझं. १९९१, ल माँची २४ तासांची शर्यत. माझदा ७८७बी, केशरी-हिरवी, नंबर ५५. चार रोटर, ७०० घोड्यांच्या आसपास. हर्बर्ट, वाइडलर आणि गाशो. जग्वार, मर्सिडीज मागे टाकून पहिली. ल माँ जिंकणारी ती पहिली जपानी गाडी, आणि रोटरीवर ती शर्यत आजवर दुसऱ्या कोणी जिंकलेली नाही. पुढच्या मोसमापासून नियम साडेतीन लिटरच्या पिस्टन इंजिनांकडे झुकले आणि रोटरीचा पत्ता कटला. हेडफोन लावून तिचा आवाज ऐका. घरी कोणी झोपलेलं असेल तर नका ऐकू.

गोदाकाठी

माझदा म्हणजे आपल्याकडचा स्वराज माझदाचा टेम्पो ना? आणि माझदाची ती रोटरी मोटार आरएक्स-७, ती आरएक्स १०० चा मोठा भाऊ समजायची का?

रेसवेडा

टेम्पोत साधं डिझेल होतं, नावच काय ते माझदाचं. आणि आरएक्स १०० यामाहाची, टू स्ट्रोक, काही संबंध नाही. रोटरी बाइक हवी असेल तर सुझुकीची आरई५ होती १९७४ मध्ये, ४९७ सीसी, चालली नाही. नॉर्टननेही काढल्या. १९९२ ची आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी स्टीव्ह हिस्लॉपने रोटरी नॉर्टनवर जिंकली. ती नॉर्टन कंपनी आता आपल्या टीव्हीएसची आहे.

अनामिक_७

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पाना_१४-१५

मला एवढं सांगा, रिंगा कुठं असतात याला? पिस्टन गोल, रिंग गोल, बोअर गोल, म्हणून कॉम्प्रेशन धरतं. इथं त्रिकोणाचं टोक भिंतीला घासतंय. तिथून लीक नाही होणार? आपल्याकडे कोणाचं इंजिन ऑइल खायला लागलं की पहिला संशय रिंगांवर. याचं तर सगळंच रिंगांवर दिसतंय.

यंत्रवेधी

पाना दादा, तुम्ही वर्कशॉपमधून जे विचारलंत त्यावर जर्मनी-जपानची कित्येक वर्षं गेली.

रोटरच्या प्रत्येक टोकाला एक पातळ पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. खालून स्प्रिंग, आणि वायूचा दाबही तिला भिंतीकडे रेटतो. बाजूच्या सपाट तोंडांना वेगळे साइड सील, दोघे मिळतात तिथे कोपऱ्याचा बटणासारखा सील. पिस्टनच्या रिंगेचा भिंतीशी कोन बदलत नाही. एपेक्स सीलचा सतत बदलतो, फिरता फिरता ती भिंतीवर पुढे-मागे कलत जाते. म्हणून तिचा स्पर्श एका रेषेपुरताच. शिवाय एका बाजूला जळता वायू, दुसऱ्या बाजूला थंड मिश्रण. तेल साठवायला जागा नाही, त्यामुळे इंजिनच थोडं थोडं तेल मुद्दाम आत सोडतं आणि जाळतं. रोटरी तेल पितं ते बिघाड म्हणून नाही, तशी रचनाच आहे.

पाना_१४-१५

म्हणजे टू स्ट्रोकसारखं २टी ऑइल. गिऱ्हाइकाला समजावणं अवघड आहे. चांगल्या गाडीत ऑइल कमी झालं की लोक आमच्या नावाने ओरडतात.

ओझरकर

इतिहास थोडा मी सांगतो, मॅडमना दम घेऊ द्या.

फेलिक्स वांकेल, जन्म १९०२, जर्मनीतला. इंजिनिअरिंगची पदवी नाही. नजर इतकी अधू की आयुष्यभर गाडीचं लायसन्स नव्हतं. त्याचं खरं कसब सीलिंगमध्ये, म्हणजे फिरत्या भागांतून वायू निसटू न देण्यात. म्हणूनच त्याला हे इंजिन सुचलं असावं असं मला वाटतं. एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये पहिलं इंजिन चालू झालं. त्यात आतला रोटरही फिरायचा आणि बाहेरचा डबाही. प्लग बदलायचा तर इंजिन उघडा. मग त्याच कंपनीतल्या हान्स-डीटर पाश्के यांनी डबा स्थिर ठेवून मॅडमनी वर सांगितली ती रचना केली. वांकेल चिडला, माझ्या शर्यतीच्या घोड्याला तुम्ही नांगराला जुंपलंत असं म्हणाल्याचं सांगतात. आज जे वांकेल म्हणून ओळखलं जातं ते पाश्केचं नांगराचं घोडं.

एनएसयूने १९६७ मध्ये आरओ ८० नावाची देखणी मोटार काढली. १९६८ ची युरोपातली कार ऑफ द इयर. आणि मग सील जायला लागले. गॅरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनीचं कंबरडं मोडलं, १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. रस्त्यात दोन आरओ ८० समोरासमोर आल्या की चालक एकमेकांना बोटं दाखवायचे, किती इंजिनं बदलून झाली त्याची, असा किस्सा आहे.

यंत्रवेधी

पुढचा भाग जपानचा. माझदा, तेव्हाची तोयो कोग्यो, हिने १९६१ मध्ये परवाना घेतला. इंजिन चालवून उघडलं तर आतल्या क्रोमच्या भिंतीवर एकसारख्या आडव्या लाटा. सील ठरावीक वेगाला थरथरायची आणि भिंत कोरायची. त्या ओरखड्यांना तिथले लोक सैतानाची नखं म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचा चमू यावर बसला. शेवटी कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम जिरवलेली सील कामी आली आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्याच वर्षी जर्मनीत आरओ ८०. एकाच परवान्यातून दोन कंपन्या निघाल्या, एक बुडाली आणि एक तरली. फरक सीलच्या पट्टीचा.

पण सील हा अर्धाच त्रास. दुसरा अर्धा मटेरियलने सुटत नाही, तो आकारातच आहे. पिस्टनच्या वर जळण्याची जागा आटोपशीर असते. रोटरीत ती लांब, पातळ आणि सरकती. एका प्लगची ज्योत टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून रोटरमागे दोन प्लग, एक थोडा आधी पेटणारा, एक नंतर. तरीही कडेचं थोडं मिश्रण न जळताच एक्झॉस्टला जातं. भिंतीचं क्षेत्रफळ जास्त म्हणून उष्णताही भिंती खातात. म्हणजे पेट्रोलचे पैसे दिलेत त्यातला मोठा वाटा पाणी तापवण्यात गेला. १९७३ च्या तेलटंचाईत लोकांनी हे एकदम लक्षात घेतलं. जनरल मोटर्सने आपलं रोटरी १९७४ मध्ये गुंडाळलं. सिट्रोएनने तर विकलेल्या रोटरी गाड्या परत विकत घेऊन भंगारात काढल्या.

माझदा चिवट. २००३ च्या आरएक्स-८ मध्ये एक्झॉस्टची भोकं परिघावरून बाजूच्या भिंतीत नेली, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे राहणं बंद झालं. धूर सुधारला. तरी प्रदूषणाचे नियम पुढे पळत राहिले आणि २०१२ मध्ये तीही थांबली.

शंकासुर

आता कुठे चर्चा जमिनीवर आली. म्हणजे बनवायला सोपं, टिकवायला अवघड आणि पाजायला महाग.

पाना_१४-१५

बनवायला तरी सोपं कुठं? त्या आतल्या आकाराचं ग्राइंडिंग कोण करणार? रिबोअर करून चार नंबर मोठा पिस्टन टाकायची सोय नाही यात. भिंत गेली की डबाच नवा.

एक शंका, डिझेलवर का नाही केलं?

यंत्रवेधी

डिझेलला जेवढं कॉम्प्रेशन लागतं तेवढं या आकारात काढायला गेलं तर जळायची जागा आणखी चपटी होते. रोल्स-रॉइसने दोन रोटर एकमेकांना जोडून प्रयत्न केला, मोठ्या रोटरने हवा आधी दाबायची आणि लहान रोटरमध्ये जाळायची. लष्करी वापरासाठी होतं ते. उत्पादनापर्यंत गेलं नाही.

नगरचा_माणूस

तुम्ही लोक माझदाच्या हिरोशिमापर्यंत जाऊन आलात, शेजारच्या नगरला आला नाहीत. (हो, आता अहिल्यानगर, पण सवय जात नाही.)

आपल्या व्हीआरडीईने (डीआरडीओची वाहन संशोधन संस्था) भारतातलं पहिलं वांकेल इंजिन बनवण्यात भाग घेतलाय. बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या विमान संशोधन संस्था, आणि नगरची व्हीआरडीई अशा तिघांचं काम. ५५ अश्वशक्तीच्या वर्गातलं. डीआरडीओचं निशांत नावाचं मानवरहित विमान होतं, त्याला परदेशी अल्व्हिस इंजिन लागायचं. ते काढून हे बसवलं आणि २००९ मध्ये कोलारजवळ उडवलं. हाउसिंगच्या आत निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचं लेपन. पाना दादांनी विचारलेल्या त्याच भिंतीच्या झिजेसाठी.

मानवरहित विमानांना हे इंजिन का आवडतं ते उघड आहे. वजन कमी, आणि कंप जवळपास नाही, त्यामुळे खालचा कॅमेरा हलत नाही. उडालं की तासन् तास एकाच वेगाला चालायचं. रिक्षासारखं सिग्नलला थांब, पळ, थांब असं करावं लागत नाही. मायलेजचं दुखणं असतंच, पण चाळीस किलोचं इंजिन वीस किलोवर आलं तर उरलेल्या वजनात पेट्रोल नेता येतं.

ओझरकर

नगरकर, उत्तम माहिती. हे ओझरच्या कट्ट्यावर सांगायला हवं.

निफाडचा_बागायतदार

राम राम मंडळी. आमच्याकडे द्राक्षावर फवारणीला ड्रोनवाले येऊ लागलेत. टाकी भरून उडालं की दहा-पंधरा मिनिटांत खाली, बॅटरी बदला, पुन्हा वर. बांधावर जनरेटर घेऊन एक माणूस बॅटऱ्याच चार्ज करत बसलेला. त्या ड्रोनमध्ये हे तुमचं छोटं इंजिन बसवलं तर? डावणी रोगाच्या दिवसात पाऊस उघडला की चार तासांत सगळी बाग उरकायची असते, तिथं बॅटरी घोळ घालते.

यंत्रवेधी

दादा, कल्पना बरोबर दिशेची आहे. फक्त पंखे इंजिनाने थेट फिरवायचे नाहीत. चार-सहा पंख्यांचा ड्रोन तोल सांभाळतो तो प्रत्येक पंख्याचा वेग क्षणाक्षणाला कमीजास्त करून, ते मोटरच करू शकते. इंजिनाने जनरेटर फिरवायचा, जनरेटरने वीज द्यायची.

माझदानेही शेवटी हेच केलं. २०२३ मध्ये एमएक्स-३० ची जी आवृत्ती आली तिच्यात ८३० सीसीचा एकच रोटर आहे आणि तो चाकांना जोडलेलाच नाही. चाकं मोटरने फिरतात. १७.८ किलोवॅट-तासाची बॅटरी संपत आली की रोटरी जनरेटर चालू होतो. ५० लिटरची टाकी. रोटरीला सगळ्यात जड जातं ते वेग सारखा बदलणं आणि थंड असताना चालू-बंद होणं. इथे त्यातलं पहिलं तरी टळलं. लहान आहे म्हणून मोटरच्या शेजारीच पुढे मावलं.

निफाडचा_बागायतदार

म्हणजे बांधावरचा जनरेटरच वर उचलून न्यायचा. पण मग वजन इंजिनाचं, पेट्रोलचं आणि औषधाचंही. औषधाला किती लिटर उरणार?

नगरचा_माणूस

तिथेच घोडं अडतं. आणि हे इंजिन पोराच्या हाती देऊन चालणार नाही. तेल संपलं की भिंत गेली.

शंकासुर

मला वाटतं बागेसाठी बॅटरीच जिंकणार. दोन जादा बॅटऱ्या इंजिनाच्या देखभालीपेक्षा स्वस्त पडतील. लांब उडणाऱ्या लष्करी विमानांचं गणित वेगळं.

पाना_१४-१५

सहमत. ज्याचा स्पेअर सारडा सर्कलला मिळत नाही ते शेतात नेऊ नये.

सातपूरचा_पोर

सगळ्यांचे आभार. मॅडम, प्रोजेक्टला याचं हाताने फिरवता येईल असं मॉडेल करायचं ठरवतोय. अंबडला लेझर कटिंगवाले अ‍ॅक्रिलिक कापून देतात. पण हाउसिंगचा तो आकार ड्रॉइंगमध्ये कसा आणू? इंटरनेटवरून चित्र ट्रेस केलं तर टोकं एका जागी अडकतात आणि दुसऱ्या जागी सुटतात.

यंत्रवेधी

ट्रेस करू नकोस, बिंदू काढ. सरकलेलं अंतर "इ" आणि रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचं "आर" धर. रोटरचा कोन ० पासून ३६० पर्यंत दोन-दोन अंशांनी वाढवत जा.

आडवं अंतर = इ × कॉस(कोनाची तिप्पट) + आर × कॉस(कोन)
उभं अंतर = इ × साइन(कोनाची तिप्पट) + आर × साइन(कोन)

तिप्पट का ते तुला आता माहीत आहे, शाफ्ट रोटरच्या तिप्पट फिरतो. १३बी च्या निम्म्या मापाचं कर: इ ७.५ मिमी, आर ५२.५ मिमी. हाउसिंग आतून १२० मिमी लांब आणि कमरेत ९० मिमी येईल. आलं नाही तर कुठेतरी चिन्ह चुकलंय. आलेली रेघ अर्धा मिलिमीटर बाहेर सरकवून मग कापायला दे, नाहीतर अ‍ॅक्रिलिक घासून चिकटेल.

सातपूरचा_पोर

आणि गिअर? ३४ आणि ५१ दात्यांचे निम्म्या मापात कुठे मिळणार?

यंत्रवेधी

दाते तेवढेच हवेत असं नाही, प्रमाण २:३ हवं आणि दोघांच्या त्रिज्यांतला फरक बरोबर "इ" एवढा. मोड्यूल (दात्याचं माप) १ घे, स्थिर गिअर ३० दात्यांचा, रोटरमधला ४५ चा. त्रिज्या १५ आणि २२.५, फरक ७.५. बरोबर बसतं.

पाना_१४-१५

३० चा बाहेरच्या दात्यांचा कुठेही मिळेल. ४५ चा आतल्या दात्यांचा आहे, तो गिअर शेपरवर किंवा वायर कटवर करून घ्यावा लागेल. आमच्या गल्लीच्या मागे एक जण वायर कट करतो. ड्रॉइंग घेऊन दुपारी दोननंतर ये, सकाळी तो कोणाशी बोलत नाही.